सूचना: रविवारी बॅटरी तपासणी

सभासदहो,
येत्या रविवारी सकाळी १० वाजता क्लबच्या खोलीत कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आणि पॉवर बँका तपासू. सहलीला विमानाने येणाऱ्यांनी यायलाच हवं.

- फुगलेली बॅटरी चार्ज करू नका, टोचू नका, दाबून बसवू तर नकाच. आत वायू साठलेला असतो. टोकांना चिकटपट्टी लावून वेगळी आणा.
- सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँका हातातल्या बॅगेतच, चेक-इनमध्ये चालत नाहीत. विमान कंपनीच्या परवानगीशिवाय मर्यादा प्रत्येकी १०० वॉट-तास (बॅटरीत मावणारी ऊर्जा). पॉवर बँकेवर छापलेली क्षमता २०,००० एमएएच असेल तर ती म्हणजे ३.७ व्होल्टला ७४ वॉट-तास, तेव्हा काळजी नको. छापील आकडा पुसला गेला असेल तर घरीच ठेवा, वाद घालत बसू नका.
- नवी पॉवर बँक घेताय? लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीची बघा. जरा जड, पण तापली तरी सहजासहजी पेट घेत नाही.