मसुरीला गेलेल्या बंटीस

चि. बंटीस अनेक आशीर्वाद.

तुझी गाडी सुटली आणि बाबा तसेच धरमपेठेला दुकान उघडायला गेले. त्या रात्रीचा विषय काढायचा नाही, असं ठरवूनच लिहायला बसले. पण किल्ल्या टेबलावर आपटून जाणं बरं नव्हतं रे. परराष्ट्र सेवेत हे चालायचं नाही.

बाबांना तू त्या अँड्र्यू पझडरचं उदाहरण दिलंस. बर्गरच्या साखळ्या चालवणारा माणूस युरोपीय संघात अमेरिकेचा राजदूत झाला, खरं आहे. पण त्याला राष्ट्राध्यक्षांनी नेमलं. २०१७ मध्ये कामगारमंत्री व्हायचा होता, तर सिनेटात मतं जमेनात म्हणून माघार घ्यावी लागली. तू यूपीएससी काढलीस, तीही रात्री शटर ओढल्यावर तळणीच्या वासात बसून. बर्डीच्या भाजीवालीलासुद्धा सांगून झालंय माझं.

ज्या कंपनीच्या नावाने आपण दुकान चालवतो, तिचा तो तपासणीवाला आठवतो? रॉयल्टी, म्हणजे नाव वापरू देण्याचा त्यांचा वाटा, विक्रीवर, नफ्यावर नाही. महिना तोट्यात गेला तरी त्यांचा वाटा आधी. तुझा संताप खोटा नव्हता. पण कामावरच्या पोरांसमोर त्याच्या अंगावर टोपी भिरकावलीस. नोटीस आली, आणि बाबा जाऊन हात जोडून आले. तनू सांगत होती, १९६१ च्या व्हिएन्ना करारात आहे म्हणे, यजमान देश कुठलंही कारण न देता राजनैतिक अधिकाऱ्याला परत पाठवायला सांगू शकतो. तिथे हात जोडायला कोण जाणार?

झालं, लागले मी पुन्हा शिकवायला. रागावू नको.

मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत एका धिप्पाड माणसाचा पाय ताईच्या पायावर पडला होता. तू केवढासा, बाबांच्या खांद्यावरून उतरून त्याची वाट अडवून उभा! 'सॉरी म्हणा' म्हणालास आणि म्हणायला लावलंस. आत्या अजून नक्कल करते. मला तेव्हा इतकं बरं वाटलं होतं, आणि आता तेच आठवून झोप लागत नाही.

करार संपेपर्यंत दुकान बाबा बघतील, तू काळजी करू नको. त्यांची बीपीची गोळी वाढवली आहे. तुला सांगायचं नाही असं बजावलंय, तेव्हा मी सांगितलं म्हणू नकोस. फोन मात्र मला नको, त्यांना कर. आणि मसुरीनंतर दिल्लीच्या प्रशिक्षणात कोणती परदेशी भाषा मिळते तेही आधी त्यांनाच कळव. अरबी मिळावी म्हणतात. का, ते विचारू नको.

तुझी
आई