सोडतीत नंबर न लागलेल्या घरातून

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

गेल्या महिन्यात गिरणी कामगारांच्या घरासाठी केलेल्या आईच्या अर्जाची पावती नव्या पिशवीत घालताना लक्षात आले, की इतक्या वर्षांत आपले आभार मानायचे आमच्याकडून राहूनच गेले आहे. हे पत्र मी आपल्या हातातही देऊ शकले असते. परंतु आपण ज्यांचे अर्ज भरून दिलेत त्यांतले निम्म्याहून अधिक लोक आज मुंबईत नाहीत. कोणी कोकणात आहे, कोणी घाटावर, कोणी मुलाकडे डोंबिवलीला, आणि त्यांच्याही मनातले हेच आहे असे मला खात्रीने वाटते, म्हणून जाहीरपणे लिहीत आहे. आपले नाव मात्र लिहीत नाही. सभेत नाव पुकारले तरी आपण शेवटच्या रांगेतून उठत नाही, तेव्हा ते आपल्याला आवडणार नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, त्या वेळी मी सहा वर्षांची होते. सुमारे अडीच लाख कामगार कामावर जायचे थांबले. बाबा साचेखात्यात, म्हणजे गिरणीच्या विणकाम विभागात, होते. संप मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही, आणि आमच्या घरापुरते बोलायचे तर बाबांनीही तो कधी मागे घेतला नाही. आम्ही देवगडजवळच्या गावी परतलो. बाबा आंब्याच्या बागेत राखणीला राहिले आणि २००४ साली गेले. शेवटपर्यंत त्यांना रातपाळीच्या वेळेला जाग येत असे. आपली त्यांच्याशी भेट कधीच झाली नाही, तरी त्यांच्या नोकरीचा माग आपण काढलात तितका आम्ही मुलांनीही कधी काढला नव्हता.

अर्ज भरण्याचे दिवस सुरू झाले तेव्हा आपण परळच्या ज्या खोलीत अर्ज भरून देत होतात, तिथे मी आईला घेऊन आले. आमच्याजवळ बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. आपण टेबलावर वर्तमानपत्र पसरलेत, डबा हलकेच उपडा केलात आणि एकेक कागद भिंगाखाली धरून बाजूला लावत गेलात: राज्य विमा योजनेचे कार्ड, दोन पगार पावत्या, घडीवर फाटलेली रजेची चिठ्ठी. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर माणूस गिरणीत कामाला होता, एवढे सिद्ध करायचे होते. अडचण नावाची निघाली. गिरणीच्या कागदांवर बाबांचे नाव, आजोबांचे नाव आणि गावाचे नाव होते, आडनाव नव्हतेच. रेशन कार्डावर आणि मृत्यूच्या दाखल्यावर आडनाव होते, पण गावाचा पत्ता नव्हता. एकाच माणसाची दोन माणसे झाली होती. आई म्हणाली, चला, आपल्या नशिबात नाही.

त्यावर आपण तिला विचारलेत, की गावच्या घरी देवाच्या तसबिरीमागे पाहिले आहे का. आमच्याकडे जपायचा कागद तिथेच जातो, हे कोकणातल्या माणसालाच सुचावे. पुढच्या आठवड्यात भावाने गणपतीच्या तसबिरीमागून पाकीट काढले. त्यात फंडाचा हिशेब मिळाल्याचे पत्र होते आणि त्या एका पत्रावर तिकीट नंबर, म्हणजे गिरणीतला कामगार क्रमांक, व आडनावासकट पूर्ण नाव अशा दोन्ही गोष्टी होत्या. पाकिटाच्या कडा वाळवीने खाल्लेल्या होत्या, नंबर मात्र शाबूत होता. तो वाचताना आपला आवाज किंचित कापला होता. आईने ते पाहिले होते; घरी आल्यावर ती म्हणाली, परक्या माणसाला आपल्या माणसाचा नंबर सापडल्याचा एवढा आनंद होतो, हे मी पहिल्यांदा पाहिले.

अर्ज भरून देणारे इतरही पुष्कळ होते, आणि काही जण त्याचे पैसेही घेत होते. आपण पैसे घेतले नाहीत, हे खरे असले तरी माझ्या लेखी ती मोठी गोष्ट नाही. अर्जावर आईचा अंगठा घेण्याआधी आपण तिला अर्धा तास बसवून घेतलेत आणि हे घर तिला का मिळायला हवे ते समजावलेत, ही मोठी गोष्ट आहे. मुंबईतल्या अठ्ठावन्न गिरण्यांची जमीन, १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ वा नियम, त्या नियमाप्रमाणे एक तृतीयांश जमीन शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाकडे. मग २००१ ची दुरुस्ती, जिच्यामुळे वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची उरली आणि बांधकामाखालची सगळी जमीन वाटणीतून सुटली. मग २००५ मध्ये उच्च न्यायालयात मालकांच्या विरोधात लागलेला निकाल आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवणे. हे सगळे आपण पेन्सिलीने चौकोन काढून तीन वाट्यांत दाखवलेत. आईला वाचता येत नाही. पण शेतजमिनीचे वाटे तिला चांगले कळतात, आणि दुसरा चौकोन पाहून तिने विचारले होते, की मग आमचा हिस्सा आक्रसला कोणी?

तोपर्यंत ती 'सरकार घर देते आहे' असे म्हणायची. त्या दिवसापासून 'आपला हिस्सा' म्हणते.

आपणच आम्हाला हेही सांगितलेत, की हा हिस्सा कोणी आपणहून ठेवलेला नाही. १९८९ साली दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद गिरणी कामगार संघर्ष समिती उभी केली, तेव्हा गिरणी कामगार हा विषय संपला असे भलेभले समजत होते. उपोषणे झाली, मोर्चे निघाले, वेगवेगळ्या झेंड्यांच्या संघटना एकत्र आल्या, आणि थकलेली माणसे गावाहून रात्रीच्या एस.टी.ने येऊन सकाळी मैदानात बसली, म्हणून म्हाडाच्या वाट्यातल्या घरांवर कामगारांचे नाव लागले. इस्वलकर ७ एप्रिल २०२१ रोजी गेले. त्या दिवशी आपण फोनवर फार बोलला नाहीत. वहीत अमुक अमुक लोकांना कळवायचे राहिले आहे का, एवढेच विचारलेत.

जून २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत झाली. साडेसात लाखांचे, सव्वादोनशे चौरस फुटांचे घर. आमचा नंबर लागला नाही, आपला लागला. मी तेव्हा मनाशी धरून चालले होते, की आता ही खोली बंद होणार. घर लागले की माणूस हळूहळू संघटनेत दिसेनासा होतो, हे मी पाहिले आहे, आणि त्यात मी कोणाला दोष देत नाही. उभा जन्म दहा बाय बाराच्या खोलीत काढलेल्याने चार दिवस स्वतःच्या खिडकीत बसावे, यात गैर काय आहे? परंतु पुढच्याच रविवारी दहा वाजता आपण खोलीचे कुलूप उघडलेत, आणि पेढ्यांचा पुडा बाजूला सारून आधी वही काढलीत.

त्या वहीबद्दल मला वेगळे आभार मानायचे आहेत. तिकीट नंबर, खाते, वारस, गाव हे रकाने सगळ्यांकडेच असतात. आपल्या वहीत शेवटचा रकाना 'शेजारी' असा आहे: ज्याच्याकडे फोन आहे, जो निरोप पोहोचवील असा वाडीतला माणूस. पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज आणि आजवर वाटली गेलेली घरे काही हजार, अशा स्थितीत माणसे वाट पाहता पाहता पत्ते बदलतात, मरतात, आशा सोडतात. आपल्या वहीतले लोक हरवले नाहीत ते त्या एका रकान्यामुळे. २०१६ ची सोडत झाली, मार्च २०२० मध्ये ३,८९४ घरांची झाली, आणि प्रत्येक वेळी वाडीतल्या कोणाच्या तरी फोनवर आपला निरोप आधी आला.

त्या वहीत लिहायला आपण मलाही बसवलेत. आईचा अर्ज झाल्यावर आपण म्हणालात, की तुला अक्षर चांगले आहे, पुढच्या रविवारी ये. मी आभार म्हणून आले आणि त्या रविवारी अकरा अर्ज लिहिले. अकराव्या अर्जाच्या वेळी समोर बसलेल्या बाईंना मी आपल्यासारखेच विचारले, की तसबिरीमागे पाहिले आहे का. आपण पलीकडच्या टेबलावरून मान वर करून माझ्याकडे पाहिलेत. ते मी विसरलेले नाही.

९ जुलै २०२५ रोजी आझाद मैदानावर, कामगारांना देऊ केलेल्या शेलू आणि वांगणीच्या घरांविरुद्ध मोर्चा होता. कर्जतच्या वाटेवर बदलापूरच्याही पलीकडे घर घ्या, नाहीतर हक्क सोडा, ही अट कोणालाच मान्य नव्हती. आपल्याला स्वतःसाठी काहीच मागायचे नव्हते. तरी गुडघ्याला पट्टा बांधून आपण आलात, आणि आईला बसायला दिलेली सतरंजी आपल्या नव्या घरातली होती.

आमचे घर अजून लागलेले नाही. आई आता शहात्तर वर्षांची आहे, आणि तिच्या हयातीत ते लागेल असे मी तिला सांगत नाही. आपणही तिला तसे कधी सांगितले नाहीत, याबद्दल ती आपली फार ऋणी आहे. दर रविवारी संध्याकाळी मी परतले, की आज कोण कोण आले होते असे ती विचारते, आणि बाबांच्या खात्यातले कोणी असले तर त्याच्या घरच्यांची नावे मला सांगायला लावते. बाबा गेल्यानंतर गिरणीचा विषय आमच्या घरात बंद झाला होता. तो आपल्यामुळे पुन्हा सुरू झाला आहे.

आपण डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आता जिने चढू नयेत. वही माझ्याकडे आहे. एक्केचाळीस नावांपुढे वारसाची नवी नोंद करायची आहे, त्यांपैकी सात जणांचे शेजारीही बदलले आहेत. येत्या रविवारी खोलीवरून निघाल्यावर ती घेऊन आपल्याकडे येते. आईने कुळथाची पिठी द्यायला सांगितले आहे.

आपली नम्र,
साचेखात्यातल्या एका कामगाराची मुलगी