आराखड्याची ग्रामसभा पोळा झाल्यावर घ्या

प्रति,
मा. ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, सविनय नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावची शेतकरी बाई. गावाचा वर्षाचा विकास आराखडा ज्या ग्रामसभेत ठरतो, ती सभा माणसं गावात असतील तेव्हा घ्या, एवढंच मागायला हे पत्र लिहिते आहे.

आराखड्याच्या तयारीला २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरुवात होते. तेव्हा आमच्याकडे सोयाबीन काढणीला आलेलं असतं. शेंग तडकायला लागली की एक दिवस थांबता येत नाही, त्यात परतीच्या पावसाची धास्ती. बाया दिवस उगवायला रानात गेलेल्या असतात आणि सभेची वेळ असते सकाळी अकराची! पुढे दसरा-दिवाळीला ऊसतोडीसाठी मुकादमाच्या गाड्या येतात, कोयते म्हणजे ऊस तोडणारी जोडपी साखर कारखान्यांकडे निघतात. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला वस्तीवर उरतात म्हातारी माणसं आणि त्यांच्या जिवावर सोडलेली लेकरं. टोळ्या परत येतात मार्च-एप्रिलात. तोवर आराखडा मंजूर होऊन पोर्टलवर चढलेला असतो.

कायद्यात गणपूर्ती आहे. मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं हवीत. तेवढी येत नाहीत म्हणून सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. मग मूठभर लोक हात वर करतात आणि अख्ख्या गावाचा ठराव होतो. महिलासभा तर कागदावरच होते. हजेरीचं पुस्तक मागाहून घरोघर फिरतं. आमच्या ओट्यावर आलं तेव्हा मी ते उघडून पाहिलं. खाली सह्या-अंगठ्यांच्या रांगा होत्या आणि वर विषयाची जागा कोरी होती. सासूबाईंनी निराधारच्या पगाराचा कागद समजून अंगठा दिला.

वस्तीवरच्या बाया पाइपलाइन मागत होत्या. उन्हाळ्यात हंडा घेऊन त्यांना दुसऱ्याच्या विहिरीवर जावं लागतं, आणि विहीरमालक कधी हो म्हणतो, कधी नाही. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतीच्या निधीतला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवला होता, म्हणजे पैशाला वाट होती. पण मागणाऱ्या बाया उसाच्या फडात होत्या. आराखड्यात गावठाणातली गटार आली, देवळापुढचे पेव्हर ब्लॉक आले. गटारही हवीच, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पाइपलाइनचं नाव मात्र कुणी काढलंच नाही.

साहेब, पोळा झाल्यावर सोयाबीन कापणीला येईपर्यंत थोडे दिवस मिळतात. तेव्हा ऊसतोड करणाऱ्यांसकट सगळं गाव घरी असतं. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची सभा त्या दिवसांत, संध्याकाळी जेवणवेळेनंतर घ्या. सभेआधी वस्तीवर, तांड्यावर दवंडी गेली पाहिजे. आराखड्याचा विषय तहकूब सभेत गणपूर्तीशिवाय मंजूर होऊ देऊ नका. त्यासाठी नियमात दुरुस्ती लागली तर ती करा. ठराव सभेतच लिहून, वाचून दाखवून मग सह्या घ्याव्यात, असा स्पष्ट आदेश काढा.

कोयते निघायच्या आत हा आदेश पंचायत समितीत पोहोचला, तर यंदाच्या आराखड्यातच वस्तीची पाइपलाइन मांडता येईल.

आपली,
एक शेतकरी, जि. बीड