अठराचे बावीस

सोलापूर

बाळ्या,

आधी शिव्या घालून घे. आठ महिने एक फोन नाही, पोराच्या साखरपुड्यालाही आलो नाही, सगळं कबूल. तब्येत ठीक, चेकअप क्लीन, वजन दोन किलो वाढलंय. तो विषय संपला.

विषय झोपेचाय बे. आणि मी कसा झोपायचो हे तुझ्याशिवाय कोणी बघितलेलं नाही. अण्णांच्या कारखान्यात बारा लूम खडाखडा चालू असायचे आणि आपण टॉवेलच्या गठ्ठ्यावर, तू कानात बोळे घालून रडायचास नि मी घोरायचो. लाइट जाऊन लूम थांबले की मगच मला जाग यायची. तोच माणूस आता रोज अडीचला उठून बसतो.

कॅन्सरसाठी रेडिएशनचे तीस शेक झाले त्यात लाळ आटली, ती काय परत आली नाही. जीभ टाळ्याला चिकटते, तांब्या शोधत उठायचं. पाणी पिऊन पडलो की जीभ आपोआप गालाच्या शिवलेल्या जागी जाते, चाचपत बसते, काही खडबडीत लागतंय का. मागच्या आठवड्यात कडक भाकरीचा तुकडा टोचला होता, नुसतं खरचटलं, पण तीन रात्री मी स्वतःचं पोस्टमॉर्टेम करालो होतो. चेकअप जवळ आलं की तर विचारूच नको.

यावेळी फॉलोअपला एका मॅडमनी फॉर्म दिला. 7 प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते 4 मार्क, 28 पैकी जितके जास्त तितकं वाईट. 15 ला निद्रानाश धरतात, 22 पासून पुढं गंभीर. मला 18 पडले. गणितात कधी पडले नव्हते.

त्यातला एक प्रश्न असा, तुमच्या झोपेचा त्रास दुसऱ्यांच्या किती लक्षात येतो? मी ठोकून शून्य लिहिलं. मी इतका सावकाश उठतो बे, बाथरूमची कडीसुद्धा वाजू देत नाही. ही शेजारच्या खुर्चीत होती. फॉर्मकडं बघितलं, माझ्या हातातनं पेन घेतलं, शून्य खोडलं आणि 4 केलं. एक अक्षर बोलली नाही. 18 चे 22 झाले. रिक्षातपण गप्प. म्हणजे इतके दिवस मी अंधारात तांब्या चाचपालो होतो तेव्हा ही डोळे मिटून जागीच होती.

मॅडम म्हणाल्या, झोप उडायला सुरुवात कॅन्सरनं केली, पण आता ती उडवताय तुम्हीच, नऊला आडवे होऊन, घड्याळ बघून. गोळी मागितली तर आधी हे करा म्हणाल्या. साडेबाराच्या आत अंथरुणावर पडायचं नाही, साडेपाचला उठायचंच, वीसेक मिनिटं झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत, आणि दुपारची डुलकी बंद. मे महिन्यात, सोलापुरात, दुपारची डुलकी बंद! कॅन्सर बरा म्हणायची वेळ आली. 2013 साली अमेरिकेत उपचार संपलेल्या 410 पेशंटवर योगाचा प्रयोग झाला, चार आठवडे, आठवड्यातून दोनदा, त्यांची झोप सुधारली, असंही सांगितलं. त्यात बहुतेक बाया होत्या हे कळल्यावर मी काढता पाय घेतला, पण हिनं चटई आणली पण.

आता रोज रात्री हॉलमध्ये समोरासमोर बसतो, ही लसूण सोलते, मी साडेबारा वाजायची वाट बघतो. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेपण मध्यरात्री, तर पहिल्यांदा आमची सगळी भांडी भरलेली असतात.

तुझं काय? पुण्यातल्या फ्लॅटचं झालं का? वहिनींचा गुडघा? मावा सुटला का, खरं सांग, माझा गाल बघितलायस तू.

आणि एक. तोंडातला पांढरा चट्टा मी लपवला होता तेव्हा तू हिला फोन करून सांगितलंस, मी सहा महिने तुझ्याशी बोललो नाही. ते भांडण माझ्याकडनं अजून मिटलेलं नाही. म्हणून विचारतो, यावेळी उलटं झालं का? माझ्या झोपेचं हिनं तुला आधीच सांगितलं होतं का? तू साखरपुड्याच्या फोनवर "रात्री काय करालास" म्हणून उगाच विचारलं होतंस, मला तेव्हाच डाऊट आला होता.

फोन करू नको, ही जवळच असते. लिही.

तुझाच,
पप्या