टस्कीगीच्या विटा : शिक्षक मित्रास पत्र

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. आईवडील कोयता घेऊन कारखान्यावर गेले की जी मुले हंगामी वसतिगृहात तुझ्या हवाली होतात, त्यांना बुकर टी. वॉशिंग्टन यांचे, म्हणजे अमेरिकेत गुलाम म्हणून जन्मून पुढे टस्कीगीला काळ्या मुलांसाठी शाळा उभारणाऱ्या शिक्षकाचे चरित्र सांगावे असे तुझ्या मनात आहे. पण ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या कष्टांशिवाय दुसरे काही नाही, त्यांना पुन्हा कष्टांचीच थोरवी सांगण्यात काय अर्थ, ही शंकाही तू मांडली आहेस. ती रास्त आहे, आणि म्हणूनच सविस्तर लिहितो. चरित्र जरूर सांग. मात्र त्यातले काय ठसवायचे, याचा विचार आधी करायला हवा.

सुरुवात किमतीपासून कर. १८५६ साली व्हर्जिनियातल्या एका मळ्यावर बुकरचा जन्म झाला. आई मळ्यावरची स्वयंपाकीण. राहायला एका खोलीची लाकडी झोपडी, तीच मळ्याचे स्वयंपाकघर, आणि मुलांचे अंथरूण म्हणजे मातीच्या जमिनीवर टाकलेल्या चिंध्या. १८६१ साली मालक वारल्यावर त्याच्या मालमत्तेची यादी झाली, तीत गुराढोरांबरोबर आणि अवजारांबरोबर पाच वर्षांच्या बुकरचीही नोंद आहे : किंमत ४०० डॉलर. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत माणूस कसा बांधलेला राहतो, हे तुझ्या मुलांनी घरात पाहिले आहे. त्यांना हा आकडा समजावून सांगावा लागणार नाही.

मालकाच्या मुलीची पुस्तके घेऊन बुकर शाळेच्या दारापर्यंत जात असे. दाराच्या आत त्याला प्रवेश नव्हता. गुलामांना जमवून लिहिणे-वाचणे शिकवण्यास त्या राज्यात कायद्यानेच बंदी होती, कारण वाचता येणारा माणूस फार काळ गुलाम राहत नाही, हे मालकवर्ग पुरते ओळखून होता. १८६५ साली मुक्ती मिळाली आणि कुटुंब वेस्ट व्हर्जिनियातल्या माल्डन गावी मिठाच्या भट्ट्यांवर मजुरीला गेले. सावत्र वडिलांनी भरलेल्या पिंपांवर १८ हा आकडा घातलेला असे. बुकर जे पहिले वाचायला शिकला ते हा आकडा. आईला स्वतःला अक्षरओळख नव्हती, तरी तिने कुठूनसे अंकलिपीचे एक जुने पुस्तक मिळवून दिले. त्या माउलीबद्दल मला सगळ्यांत जास्त आदर वाटतो, आणि तिच्याबद्दल सांगताना घाई करू नकोस. पुढे सकाळी नऊपर्यंत भट्टीवर काम आणि नऊलाच शाळा, असा पेच पडला, तेव्हा तो कचेरीतल्या घड्याळाचा काटा साडेआठवरून नऊवर सरकवू लागला. मुले हसतील, हसू दे. शाळेसाठी इतके आसुसलेले मूल त्यांना समोर दिसले पाहिजे.

१८७२ साली तो व्हर्जिनियातल्या हॅम्प्टनच्या, मुक्त झालेल्या काळ्यांसाठी काढलेल्या शाळेकडे निघाला. वाट सुमारे ५०० मैलांची. काही गाडीने, बरीचशी पायी. रिचमंडमध्ये पैसे संपले, तेव्हा तो रात्री लाकडी फुटपाथाच्या खाली झोपला आणि दिवसा जहाजावरचे लोखंड उतरवून त्याने पुढच्या प्रवासापुरते पैसे जोडले. हॅम्प्टनला पोहोचला तेव्हा खिशात ५० सेंट होते आणि अंगावर मळके कपडे. मुख्य शिक्षिका मेरी मॅकी यांनी त्याला बराच वेळ ताटकळत ठेवले आणि अखेर एक वर्ग झाडायला सांगितला. त्याने तो तीनदा झाडला, चारदा पुसला, सामान हलवून कोपरे स्वच्छ केले. मॅकीबाईंनी भिंतीवरून, बाकांवरून रुमाल फिरवून पाहिला; धुळीचा कण सापडला नाही, आणि प्रवेश मिळाला.

हाच प्रसंग सर्वत्र सांगितला जातो, आणि माझ्या मते तुझ्या वर्गात तो अर्धवट सांगणे धोक्याचे आहे. आपल्याकडे झाडू कोणाच्या हाती द्यायचा, हे शतकानुशतके जातीने ठरवले. त्यामुळे गरिबाच्या मुलाने झाडू मारला की त्याचे भले होते, एवढेच मुलांच्या मनात राहिले, तर ते चरित्र त्यांच्यावर अन्याय करील. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे तुकडे सोडण्यास सांगितले, तोही स्वाभिमानच होता. लादलेले काम नाकारणे आणि स्वतः निवडलेले काम उत्तम करणे या दोन्ही गोष्टी एकाच मानी मनातून येतात. म्हणून हॅम्प्टनचा पुढचा भागही सांग : शाळा उघडण्याच्या दोन आठवडे आधी त्याच मॅकीबाई, उत्तरेकडच्या एका जुन्या सुसंस्कृत घराण्यातल्या, बुकरच्या बरोबरीने खिडक्या पुसत होत्या आणि खोल्या आवरत होत्या. ज्याने झाडू दिला तो स्वतःही झाडतो का, हे मुलांना विचारायला शिकव.

याच काळात, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिले आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना ते अर्पण केले. बुकर तेव्हा हॅम्प्टनला झाडलोट करून शिकत होता. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध आला नाही, पण विद्येवाचून दास्य सुटत नाही हे दोघांनीही ओळखले होते.

आता टस्कीगी. १८८१ च्या ४ जुलैला अलाबामा राज्यातल्या या गावी वॉशिंग्टन यांनी ३० विद्यार्थ्यांची शाळा सुरू केली. राज्याने शिक्षकांच्या पगारासाठी वर्षाला २००० डॉलर दिले होते. स्वतःची जागा मात्र नव्हती. मिळालेल्या खोलीचे छप्पर इतके गळके की पावसात एखादा विद्यार्थी गुरुजींच्या डोक्यावर छत्री धरून उभा राही. कर्जाने पैसे उभे करून १०० एकरांचा जुना मळा घेतला, आणि तो साफ करायची वेळ आली तेव्हा विद्यार्थी नाराज झाले. शिकायला आल्यावर पुन्हा कुऱ्हाड कशाला? पालकांचीही पत्रे येऊ लागली की आमच्या मुलांना फक्त पुस्तके शिकवा. तुझी शंका त्या पालकांनी तेव्हाच बोलून दाखवली होती. वॉशिंग्टन यांनी उपदेश केला नाही. रोज दुपारी वर्ग सुटले की ते स्वतः कुऱ्हाड घेऊन पुढे निघत.

मग विटा. गावात वीटभट्टी नव्हती आणि इमारत तर बांधायची होती. गुडघाभर चिखलात उभे राहून मुलांनी माती तुडवली, विटा पाडल्या. पहिली भट्टी नीट भाजली गेली नाही आणि सुमारे २५,००० विटा वाया गेल्या. दुसरी भट्टी फसली. तिसरी भाजत आली असतानाच ढासळली. पैसे संपले, शिक्षकांनी नाद सोडण्याचा सल्ला दिला, तेव्हा वॉशिंग्टन यांनी माँटगोमेरीला जाऊन आपले घड्याळ १५ डॉलरला गहाण टाकले आणि चौथी भट्टी लावली. ती साधली. ज्या गोऱ्या शेजाऱ्यांना या शाळेबद्दल आस्था नव्हती, तेही विटा चांगल्या म्हणून विकत घ्यायला येऊ लागले. वीस वर्षांत तिथे चाळीस इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या चार सोडून बाकी सगळ्या विद्यार्थ्यांच्या हातच्या. आपण बांधलेल्या वर्गात आपणच शिकायला बसायचे, यातून जो अभिमान येतो तो भाषणांनी येत नाही. याच संस्थेत १८९६ साली जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर शेतीशास्त्र शिकवायला आले. ते तुझ्या मुलांना आधीच ठाऊक असतील.

एक गोष्ट मात्र लपवू नकोस. कष्ट आणि सचोटी दाखवली की गोरा समाज हळूहळू हक्क देईल, ही वॉशिंग्टन यांची जाहीर भूमिका होती, आणि ती पुरी पडली नाही. १९०१ साली अलाबामाच्या नव्या राज्यघटनेने बहुसंख्य काळ्या नागरिकांचे मत हिरावून घेतले. काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांनी १९०३ साली वॉशिंग्टन यांच्यावर कठोर टीका केली : मताचा हक्क आणि उच्च शिक्षण यांची मागणी सोडून मिळालेली प्रगती टिकत नाही. मला ड्यू बॉईस यांचे म्हणणे अधिक पटते. वॉशिंग्टन यांनीही मताधिकाराच्या खटल्यांना गुप्तपणे पैसे पुरवले होते, म्हणजे त्यांच्या मनातही हक्कांची जागा होतीच. तुझ्या मुलांना विटा पाडणारे हातही हवेत आणि किमान वेतन मागणारी जीभही हवी. १९१५ साली वॉशिंग्टन वारले, तेव्हा बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. आपल्याकडे हे दोन्ही धागे त्यांच्या एका आयुष्यात आले, हे मोठ्या मुलांना सांगता येईल.

दिवाळीनंतर मी तिकडे येईन. १९०२ च्या सुमारास टस्कीगीला छप्पर घालणाऱ्या विद्यार्थ्यांची फ्रान्सिस बेंजामिन जॉन्स्टन यांनी छायाचित्रे काढली होती. ती मोठ्या आकारात छापून आणतो, म्हणजे वर्गात लावता येतील. तोवर घड्याळाची आणि भट्टीची गोष्ट सांगून ठेव, आणि मुलांनी काय प्रश्न विचारले ते मला त्यांच्याच शब्दांत लिहून कळव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश