खापरपणजीचं माहेरचं नाव

बेडफर्ड, इंग्लंड
१४ जानेवारी, संक्रांत

ती. बाबांस व ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तिळगुळाचं पार्सल पोचलं. वड्या इतक्या लांबून आल्या, पण एकही मोडली नाही. सासूबाईंनी दोन खाल्ल्या आणि तिसरी हातरुमालात बांधून घरी नेली.

फोनवर सगळं नीट सांगता येत नाही आणि बाबा, काम तुमच्याकडेच आहे, म्हणून सविस्तर लिहिते. तुमच्या नातीला शाळेत वंशवृक्ष काढायला सांगितला होता. आपल्या बाजूची नावं तुम्ही दिलीत. आजोबांच्या अस्थी घेऊन नाशिकला गेलात तेव्हा उपाध्यायांच्या वहीतून उतरवून आणलेल्या त्या सात पिढ्या. सासूबाईंना मात्र स्वतःच्या आजीच्या पलीकडे काही ठाऊक नव्हतं. "आम्ही साधी मजूर माणसं, आमचं कोण लिहून ठेवणार?" असं त्या म्हणाल्या. मला ते लागलं. म्हणून गेल्या सप्टेंबरपासून आम्ही दोघी दर शनिवारी बसतोय, कधी घरी संगणकावर, कधी इथल्या जिल्हा अभिलेखागारात. इंग्लंडमधलं हे पहिलं जिल्हा अभिलेखागार, १९१३ सालचं.

आणि बाबा, मजुरांचंसुद्धा लिहून ठेवलेलं आहे! दर दहा वर्षांची जनगणना १८०१पासूनची, पण पहिल्या चार वेळा सरकारला हवी होती ती डोकी. घराघरातली नावं टिपली गेली १८४१पासून. त्या वर्षी मोठ्यांची वयं पाचाच्या पाढ्यात खाली ओढून लिहायची असा नियम होता. सासूबाईंच्या खापरपणजीचे वडील १८४१मध्ये ३५ वर्षांचे आणि १८५१मध्ये ४८चे! माणूस तोच की दुसरा, यात आमचे दोन शनिवार गेले. पुढे बाप्तिस्म्याची नोंद मिळाली, १८०३ची. म्हणजे ते तेव्हा ३८चे होते, नियमाने ३५ झाले. धंदा शेतमजुरी. हा शब्द त्या पानांवर इतक्या वेळा येतो की कारकुनांनी 'ॲग्रिकल्चरल लेबरर'चं 'ॲग लॅब' एवढंच करून टाकलं. काही पानं वरपासून खालपर्यंत 'ॲग लॅब'.

जनगणनेच्या मागे जायचं तर चर्चच्या वह्या. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३८मध्ये, त्याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की प्रत्येक गावच्या चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवावी. वही दोन कुलपांच्या पेटीत, एक किल्ली धर्मगुरूकडे, दुसरी चर्चच्या कारभाऱ्यांकडे. सतराव्या शतकातल्या पानांवरचं अक्षर बघून तुमची फार आठवण आली. आपल्याला वाटतं इंग्रजी आहे, वाचता येईल. पण 'सी' दिसतो 'आर'सारखा, 'ई' उलटा, 'एच'चं शेपूट ओळीखाली लोंबतं. तुम्ही मोडी शिकताना म्हणायचात तेच केलं: एक अक्षर ओळखायचं आणि ते पानभर शोधत सुटायचं.

एका नोंदीने सासूबाई अगदी खिन्न झाल्या होत्या. त्यांच्या एका पूर्वजाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७३१ आणि त्याच्या आईबापांचं लग्न जून १७३१. त्या गप्प बसून राहिल्या. मग माझ्या लक्षात आलं. इथे १७५२पर्यंत वर्ष १ जानेवारीला बदलत नसे, २५ मार्चला बदलत असे. म्हणजे जून १७३१ आधी आणि फेब्रुवारी १७३१ नंतर. त्यांना हे पटेना. मी आपलं पंचांग काढून दाखवलं: हा बघा गुढीपाडवा मार्चच्या सुमाराला, आणि माघ महिना वर्षाच्या शेवटी. तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. लग्नानंतर आठ महिन्यांनी बाळ झालं होतं, एवढंच.

पण ज्यासाठी लिहायला बसले ती गोष्ट खापरपणजीची. तिचं नाव मेरी. आठ वर्षांची असताना ती १८४१च्या पानावर आहे, आणि १८५१मध्ये नावापुढे धंदा आहे: गवताच्या काडीची वेणी विणणे. गवत म्हणजे गव्हाची काडी. ल्यूटन आणि डन्स्टेबलच्या टोप्या सगळीकडे जायच्या, आणि त्यासाठी लागणाऱ्या वेण्या आसपासच्या खेड्यांतल्या बायका-मुली विणायच्या. चार-पाच वर्षांच्या पोरींना विणकामाच्या शाळेत बसवत. नाव शाळेचं, काम दिवसभर विणायचं. काडी मऊ राहावी म्हणून तोंडात धरायची. सासूबाईंची आजी सांगायची, तिच्या आजीच्या ओठाच्या कोपऱ्यात कायमचा व्रण होता. लहानपणी ऐकलेलं ते वाक्य सासूबाईंना त्या पानासमोर बसल्यावर आठवलं. पुढे चीनमधून स्वस्त वेण्या येऊ लागल्या आणि हा धंदा बसला. १८९१च्या पानावर मेरी कपडे धुणारी आहे. लग्नाच्या नोंदीत तिने सही केलेली नाही. फुली आहे, जरा तिरकी.

१९११ची जनगणना वेगळी आहे. आधीच्या वर्षांचं आपण वाचतो ते गणना करणाऱ्याने आपल्या वहीत उतरवलेलं असतं. १९११चा कागद घरच्याच माणसाने भरलेला, तसाच ठेवलेला आहे. आणि त्या वर्षी विवाहित बायकांना विचारलं होतं: लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, किती जगली, किती गेली. मेरी तेव्हा ७८ वर्षांची विधवा, लेकीकडे राहणारी. विधवांनी तो रकाना भरायचा नव्हता. पण जावयाने तिला विचारून भरला: झाली ११, जिवंत ६, गेली ५. कारकुनाने त्यावर काट मारली आहे, तरी आकडे स्वच्छ वाचता येतात.

त्या पाचांपैकी चार आम्हाला चर्चच्या दफनाच्या वहीत सापडली. एक तीन आठवड्यांचं, एक चार वर्षांचं, दोघं एकाच महिन्यातली. पाचवं काही सापडेना. जनगणनेत नाही, बाप्तिस्म्यात नाही, दफनात नाही. सासूबाई म्हणाल्या, म्हातारी मोजायला चुकली असेल. मला ते पटलं नाही. आई मोजायला चुकत नाही.

इथे जन्ममृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७पासून आहे. तिच्या जुन्या सूचीत आईचं माहेरचं आडनाव १९११पासूनच मिळायचं. काही वर्षांपूर्वी नवी सूची झाली, तिच्यात ते पहिल्यापासून आहे. मेरीचं माहेरचं आडनाव लग्नाच्या नोंदीत तिच्या वडिलांच्या नावासोबत होतं. ते घालून शोधलं आणि बाबा, पाचवं बाळ निघालं! १८६८ची मुलगी. जन्म आणि मृत्यू एकाच तिमाहीत, वय शून्य. ते घराणं तोवर बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथात गेलं असावं. ती मंडळी तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत, म्हणून ती चर्चच्या वहीत नाही. आणि १८६१ आणि १८७१च्या मधे येऊन गेली, म्हणून जनगणनेतही नाही. सासरच्या आडनावाची माणसं त्या भागात ढिगाने होती. आईच्या माहेरच्या नावाशिवाय ती आम्हाला कधी भेटली नसती. सासूबाई उठून मागच्या बागेत गेल्या, बराच वेळ आल्या नाहीत.

त्या रात्री मी आपला वंशवृक्ष पुन्हा उघडला. सात पिढ्या, सगळे पुरुष. आजीच्या जागी तुम्ही 'सौ. लक्ष्मीबाई' लिहिलंय. ते तिचं सासरचं नाव. माहेरी तिला काय म्हणायचे? मी तिच्या मांडीवर झोपलेली मुलगी, मलाही माहीत नाही. तुम्हाला आहे का, बाबा?

म्हणून हे काम. मिरजेच्या मावशींना फोन करा, लवकर करा. आजीची ती एकटीच बहीण उरली आहे. माहेरचं नाव, आडनाव, किती भावंडं, आणि लहानपणीच गेलेली कोण कोण, तेही विचारा. आजी भोरला चौथीपर्यंत शिकली म्हणायची. त्या शाळेच्या जनरल रजिस्टरात नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख असेल. आणि तहसील कचेरीत गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदींचं जुनं कोतवाल बुक, मागून बघा. १९३०च्या सुमाराचं पान मोडीत असलं तर कारकून वाचता येत नाही म्हणेल. तुम्ही स्वतः बसा. भिंग न्या, आणि आईने दिलेला डबा खाल्ल्याशिवाय उन्हात परत निघू नका.

इथली १९३१ची जनगणना आगीत जळाली, १९४१ची युद्धामुळे झालीच नाही. १९५१ची शंभर वर्षं बंद आहे, ती २०५२ साली उघडेल. तिच्यात सासूबाई तीन वर्षांच्या आहेत. ते पान बघायचं तुमच्या नातीने आजच कबूल केलंय. तिने वंशवृक्षावर तुमच्या आईची चौकट रिकामी ठेवली आहे, पेन्सिलने.

आईच्या गुडघ्याचं कळवा. उत्तराची वाट बघते.

तुमची,
मनू