हॅनिबल: नावासोबत वर्षही छापा

संपादक महोदय,

रविवार पुरवणीतला कार्थेजवरचा, म्हणजे आजच्या ट्युनिशियातल्या प्राचीन नगरराज्यावरचा, लेख आवडला. मात्र इ.स.पू. ४०९ मध्ये सिसिलीतले हिमेरा हे शहर जमीनदोस्त करणारा आणि हत्ती घेऊन आल्प्स ओलांडणारा हॅनिबल त्यात एकच झाला आहे. आल्प्सवाला जन्मला इ.स.पू. २४७ मध्ये, म्हणजे हिमेरा पडल्यावर १६२ वर्षांनी.

ही गल्लत वारंवार होते. कार्थेजमध्ये आडनावे नव्हती, मोठ्या घराण्यांत मोजकीच नावे पिढ्यानपिढ्या फिरत आणि आजोबांचे नाव नातवाला ठेवले जाई. 'बार्का' हेही आडनाव नव्हे. ते हॅमिल्कारचे, म्हणजे आल्प्सवाल्याच्या वडिलांचे, 'वीज' या अर्थाचे बिरुद. क्विझमध्ये ते सर्रास आडनाव म्हणून विचारले जाते.

हॅनिबल या मूळ नावात, कार्थेजच्या प्युनिक भाषेत, पाच अक्षरे, सगळी व्यंजने, उजवीकडून डावीकडे लिहिलेली. अर्थ 'बआल या देवाची कृपा'. कृपेचा हाच धातू हिब्रूतल्या हन्ना आणि योहानान या नावांत आहे. योहानानचाच पुढे जॉन झाला, त्यामुळे वसई-माहीमच्या वाचकांना हे नाव वाटते तितके परके नाही. हॅनो हे कार्थेजी नाव याच धातूचे छोटे रूप.

रोमशी झालेल्या पहिल्या युद्धात एक हॅनिबल इ.स.पू. २६० मध्ये सिसिलीजवळ मायलीच्या समुद्रात हरला. पुढे सार्डिनियात त्याच्याच माणसांनी त्याला क्रुसावर चढवले. त्याच युद्धातल्या दुसऱ्या हॅनिबलला 'ऱ्होडियन' म्हणत, आणि त्याच्याबद्दल मराठीत फारच कमी लिहिले जाते. इ.स.पू. २५० च्या सुमारास रोमनांनी सिसिलीतल्या लिलिबेअम या कार्थेजच्या बंदराची कोंडी केली होती. तिथले उथळ पाणी आणि खुणा त्याला तोंडपाठ. वारा साधून तो भर दिवसा बंदरात शिरे आणि बाहेर पडताना वल्ही उचलून थांबे, रोमनांना आव्हान देत. शेवटी कार्थेजचेच एक वेगवान जहाज वाळूत रुतून रोमनांच्या हाती लागले. त्यावर निवडक वल्हेकरी बसवून त्यांनी त्याला गाठले. पुढे त्याच्या जहाजाचा नमुना समोर ठेवून रोमने २०० जहाजे बांधली आणि त्याच आरमाराने इ.स.पू. २४१ मध्ये युद्ध जिंकले.

इ.स.पू. १४६ मध्ये कार्थेज नष्ट झाले, नाव मात्र टिकले. आजच्या लिबियातल्या लेप्टिस मॅग्नामध्ये हिमिल्कोचा मुलगा ॲनोबाल रुफस याने इ.स.पू. ८ मध्ये बाजार आणि इ.स. १-२ मध्ये नाट्यगृह स्वखर्चाने बांधले. तसे लॅटिन आणि प्युनिक अशा दोन्ही भाषांतले शिलालेख तिथे आहेत. लॅटिनमध्ये सुरुवातीचा 'ह' तेवढा गळाला.

मग लिहायचे कसे? नवसाच्या शिळांवर कार्थेजचे लोक 'अमुक, तमुकचा मुलगा' असे कोरत, अनेकदा आजोबांसह. आपल्यालाही तेच सोयीचे, पण नुसते वडिलांचे नाव पुरत नाही. हिमेरा पाडणारा आणि मायलीला हरलेला, दोघेही गिस्कोचे मुलगे म्हणूनच ओळखले जातात. म्हणून पहिल्या उल्लेखात वडिलांचे नाव, एखाद्या घटनेचे वर्ष आणि ठिकाण एवढे तरी द्यावे. हॅस्द्रुबलच्या बाबतीत तर हे टाळताच येणार नाही: रोमशी झालेल्या दुसऱ्या युद्धात स्पेनमध्ये एकाच वेळी दोन हॅस्द्रुबल सैन्य चालवत होते, एक आल्प्सवाल्या हॅनिबलचा भाऊ आणि दुसरा गिस्कोचा मुलगा. पुरवणीत दुरुस्ती छापताना दोन्ही हॅनिबलांची वर्षे शेजारी-शेजारी द्यावीत, ही विनंती.

– प्राचीन इतिहासाचे काही अभ्यासक, दादर, मुंबई